रेकॉर्ड वाजतेय, पण कॉम्प्युटरमध्ये काय जातंय? साउंड कार्डमधून मॉनिटरिंग समजून घ्या

घरात जुन्या रेकॉर्ड सापडल्या, कुणाकडून तरी टर्नटेबल मिळालं, आणि आता ती गाणी मोबाइलमध्ये हवी आहेत. बहुतेक जण सुरुवातीला एकच गोष्ट करतात. रेकॉर्ड लावतात, समोर फोन धरतात आणि व्हॉइस रेकॉर्डर चालू करतात. मग त्यात पंखा येतो, कुकरची शिट्टी येते, शेजारच्यांचं भांडण येतं आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी गाणं येतं. म्हणून पुढची पायरी म्हणजे टर्नटेबलची वायर थेट कॉम्प्युटरला जोडणं. इथपर्यंत सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. पण वायर जोडल्यावर रेकॉर्डिंग चालू असताना आपण नेमकं काय ऐकायचं आणि कुठून ऐकायचं, यावर मराठीत फारसं कुणी बोलत नाही. या लेखात तेवढंच बघू.

रेकॉर्डिंग सुरू असताना तो आवाज ऐकत राहणं, त्यावर लक्ष ठेवणं, याला ऑडिओच्या भाषेत मॉनिटरिंग म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. गडबड अशी आहे की कॉम्प्युटरला जोडलेल्या हेडफोनमध्ये येणारा आवाज आणि फाइलमध्ये लिहिला जाणारा आवाज हे दोन वेगळे आवाज असू शकतात. हेडफोनमध्ये गाणं स्वच्छ आणि फाइल फाटकी, किंवा हेडफोनमध्ये तडतड आणि फाइल एकदम ठणठणीत, हे दोन्ही प्रकार रोज होतात.

एवढी काळजी कशाला?

कारण रेकॉर्ड पुन्हा पुन्हा वाजवता येते, पण फुकटात नाही. सुई प्रत्येक वेळी खाचेला थोडं घासतेच. सुई चांगली आणि वजन बरोबर असेल तर ही झीज अगदी किरकोळ. पण आपल्याकडच्या रेकॉर्ड कशा वापरल्या गेल्यात ते बघा. गेवराईसारख्या तालुक्याच्या गावात आणि आसपासच्या खेड्यांत रेकॉर्ड प्लेअर असलेली घरं मोजकीच. रेकॉर्डचा खरा साठा असायचा मंडप-लाऊडस्पीकरवाल्यांकडे. लग्न, बारसं, यात्रा, गणपती, सगळीकडे त्यांची पेटी जायची. त्या पेटीत सुलोचना चव्हाणांच्या लावण्या, दादा कोंडक्यांच्या पिक्चरची गाणी, भक्तिगीतं, आणि जास्त करून सात इंची ४५ आरपीएमच्या छोट्या तबकड्या. एकेक रेकॉर्ड शेकडो वेळा वाजलेली, तीही धुळीत आणि जड सुईखाली. जुन्या पोर्टेबल प्लेअरमधली सिरॅमिक कार्ट्रिज खाचेवर चार-पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजन टाकायची. आजच्या साध्या टर्नटेबलवर हे वजन दीड ते साडेतीन ग्रॅमच्या दरम्यान असतं.

अशी पेटी आज कुणाच्या माळ्यावर निघाली तर मोठ्या कंपनीची गाजलेली गाणी यूट्यूबवर मिळतीलच. ‘गीतरामायण’ किंवा भीमसेन जोशींची अभंगवाणी कुठे हरवणार नाही. प्रश्न असतो कमी खपलेल्या, पुन्हा कधीच न निघालेल्या तबकड्यांचा. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेसारखे संग्राहक अशा तबकड्यांची माहिती गोळा करत आलेत. पण तुमच्या माळ्यावर काय आहे हे त्यांना कसं कळणार? ते काम घरच्यालाच करावं लागतं. म्हणून एकदा नीट सेटिंग करायचं, एकदा वाजवायचं आणि त्या एका खेपेत आवाज व्यवस्थित फाइलमध्ये गेलाय याची खात्री करायची.

सुईपासून फाइलपर्यंतचा रस्ता

ऐकायचं कुठून हे ठरवायला आधी आवाज कुठून कुठे जातो ते माहीत हवं.

सुई खाचेत हलते आणि कार्ट्रिजमध्ये अगदी बारीक वीज तयार होते. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. कॉम्प्युटरच्या लाइन-इनला हवे असतात त्याच्या जवळपास शंभर पट. ही वाढ फोनो प्रीअँप करतो. तो आणखी एक काम करतो. रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम कमी आणि ट्रेबल मुद्दाम जास्त केलेला असतो, कारण बास पूर्ण ताकदीने कापला तर खाच फार रुंद होते आणि एका बाजूला गाणी कमी बसतात. प्रीअँप हे उलटं करतो. आरआयएए नावाचा हा ठरलेला वक्र १९५४ पासून रूढ झाला. १,००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल वाढ आणि २०,००० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल घट, इतका मोठा फरक असतो.

म्हणून प्रीअँप नसेल तर आवाज बारीक आणि टिनपाट येतो. आणि दोनदा लागला, म्हणजे टर्नटेबलचं मागचं बटण ‘लाइन’वर आणि वर बाहेरचा प्रीअँपही, तर ढगफुटी झाल्यासारखा घोंघावणारा फाटका आवाज येतो. हे दोन्ही दोष हेडफोन लावताक्षणी कळतात. मॉनिटरिंगचा पहिला फायदा हाच.

प्रीअँपमधून आवाज साउंड कार्डात जातो. तिथे तो आकड्यांत बदलतो. ते आकडे मेमरीत छोट्या गठ्ठ्यांनी जमा होतात, ड्रायव्हर ते ऑडॅसिटीसारख्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला देतो, सॉफ्टवेअर डिस्कवर लिहितं. ऐकायचा रस्ता याच्या उलटा: सॉफ्टवेअर आकडे परत पाठवतं, साउंड कार्ड त्यांचा पुन्हा आवाज करतं, तो हेडफोनमध्ये येतो. आवाज काय, तुम्ही या रस्त्यावर कुठेही टॅप करू शकता.

इथे एक सावधगिरी. लॅपटॉपला एकच ऑडिओ जॅक असेल तर ती लाइन-इन नाही. ती हेडफोन आणि माइकची एकत्र जागा आहे. त्यातला माइक मोनो असतो, त्याचं अँप्लिफिकेशन जास्त असतं आणि माइकला लागणारे थोडे व्होल्टही तिथून बाहेर येतात. स्टिरिओ रेकॉर्ड तिथे घुसवून चांगलं काही निघणार नाही. लाइन इनपुट असलेलं छोटं यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. डेस्कटॉपच्या मागे बहुतेक वेळा निळ्या रंगाचं लाइन-इन असतं, ते चालतं.

ऐकायच्या तीन जागा

पहिली जागा साउंड कार्डाच्या आधी. प्रीअँपला किंवा अँप्लिफायरला हेडफोन जोडायचे. इथे कॉम्प्युटरचा संबंधच नाही. सुई, रेकॉर्ड, वायर, हम यांचे दोष सगळ्यात खरे इथे ऐकू येतात. पण कॉम्प्युटरमध्ये काहीच जात नसलं तरी तुम्हाला गाणं मस्त ऐकू येत राहील.

दुसरी जागा साउंड कार्डाच्या आत. यूएसबी इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ किंवा नुसतं ‘मॉनिटर’ असं बटण असतं. ते चालू केलं की इनपुटला आलेला आवाज आकड्यांत न बदलता किंवा बदलून लगेच, पण कॉम्प्युटरपर्यंत न जाता, हेडफोनला मिळतो. उशीर जवळजवळ शून्य. जुन्या डेस्कटॉपच्या साउंड कार्डातही असा रस्ता असायचा. प्लेबॅकच्या मिक्सरमध्ये लाइन-इनचा स्लायडर दिसला तर तो हाच.

तिसरी जागा सॉफ्टवेअरच्या नंतर. ऑडॅसिटीत पूर्वी याला सॉफ्टवेअर प्लेथ्रू म्हणायचे. नव्या आवृत्त्यांत इनपुट मॉनिटरिंग अशा नावाने तोच पर्याय आहे. विंडोजमध्ये लाइन-इनच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लिसन’ नावाचा टॅब असतो, तोही याच जातीचा, फक्त तिथे आवाज ऑडॅसिटीऐवजी विंडोज फिरवून आणतं.

बहुतेकांना वाटतं तिसरी जागा सगळ्यात खरी, कारण ती सगळ्यात शेवटी आहे. पण तसं नाही, आणि हे कळायला जुन्या टेप मशीनकडे बघावं लागेल. स्टुडिओतल्या चांगल्या टेप मशीनला तीन हेड असायचे: एक पुसणारा, एक लिहिणारा, एक वाचणारा. वाचणारा लिहिणाऱ्याच्या पुढे बसवलेला. त्यामुळे टेपवर आवाज लिहिला गेला की क्षणभरात तोच टेपवरून वाचून कानात यायचा. एका खटक्याने ‘येणारा आवाज’ आणि ‘टेपवर उतरलेला आवाज’ असं आलटून पालटून ऐकता यायचं.

कॉम्प्युटरच्या प्लेथ्रूमध्ये हा तिसरा हेड नाही. सॉफ्टवेअर मेमरीत आलेले आकडे एकीकडे डिस्ककडे पाठवतं आणि दुसरीकडे हेडफोनकडे. हेडफोनला मिळतो तो डिस्कवरून वाचलेला आवाज नसतो. हेडफोनचा फाटा अडखळला तर तडतड ऐकू येईल, पण फाइल सुरक्षित असेल. उलट डिस्ककडचा फाटा अडखळला, तर कानाला पत्ताही लागणार नाही. आणि दुसऱ्या जागेवरून, म्हणजे डायरेक्ट मॉनिटरवरून ऐकत असाल तर कॉम्प्युटर अर्धा मिनिट बेशुद्ध पडला तरी तुम्ही मान डोलावत राहाल.

माझं मत विचाराल तर रेकॉर्ड उतरवताना डायरेक्ट मॉनिटर वापरा आणि कॉम्प्युटरवर नजर ठेवा. कानाचं काम रेकॉर्डचे दोष पकडणं, डोळ्याचं काम कॉम्प्युटरचे. प्लेथ्रू फक्त सुरुवातीला, जोडणी तपासायला अर्धा मिनिट चालू करावा: ऑडॅसिटीला आवाज पोचतोय का, डावा-उजवा बरोबर आहे का, बास.

उशिराची भीती आणि खरी अडचण

इंटरनेटवर मॉनिटरिंग शोधलं की लेटन्सीचीच चर्चा सापडते. ती गायकांसाठी आहे. गाताना स्वतःचा आवाज उशिराने कानात आला तर गाणंच अशक्य होतं. ऑडॅसिटीचा बफर मुळात १०० मिलिसेकंद ठेवलेला असतो, गायकासाठी तो खूप झाला. पण रेकॉर्डला काय फरक पडतो? तबकडीतला गायक तुमचे हेडफोन ऐकत नाहीये. त्यामुळे लेटन्सी कमी करायच्या नादात बफर १० मिलिसेकंदांवर आणू नका. छोटा बफर म्हणजे कॉम्प्युटरला दर काही मिलिसेकंदांनी हजेरी लावायची सक्ती, आणि एक हजेरी चुकली की आवाजात भोक. आपल्या कामाला मोठा बफर चांगला.

अडचण येते ती दोन रस्त्यांनी एकाच वेळी ऐकल्यावर. इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर चालू, वरून ऑडॅसिटीचा प्लेथ्रूही चालू. आता तेच गाणं एकदा लगेच आणि एकदा उशिरा येतंय. उशीर १०० मिलिसेकंद असेल तर विहिरीत गायल्यासारखा प्रतिध्वनी ऐकू येतो, लगेच कळतो. पण उशीर १० मिलिसेकंद असेल तर प्रतिध्वनी वेगळा कळत नाही. आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो, कारण ५०, १५०, २५० हर्ट्झ असे ठरावीक स्वर एकमेकांना खोडून टाकतात. मग लोक सुई बदलतात, वायर बदलतात, आणि दोष असतो एका टिकमार्कचा.

सगळे इंटरफेस यात सारखे वागत नाहीत. बेहरिंगरच्या यूसीए २०२ आणि २२२ या छोट्या डब्यांवरचं मॉनिटर बटण एक तर इनपुट ऐकवतं किंवा कॉम्प्युटर ऐकवतं. तिथे दुहेरी आवाज होतच नाही. फोकसराइट स्कार्लेट २आय२ वर डायरेक्ट मॉनिटर चालू केल्यावर इनपुट आणि कॉम्प्युटर दोन्ही एकत्र ऐकू येतात. तिथे प्लेथ्रू बंदच हवा.

आणखी एक गंमत. यूएसबी टर्नटेबलमधून आवाज आत घेतलाय आणि हेडफोन मात्र लॅपटॉपला लावलेत. आता दोन वेगळी साउंड कार्डं काम करतायत, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. एक सेकंदाला ४४,१०० आकडे देतंय आणि दुसरं ४४,१०१ मागतंय असं समजा. २५ मिनिटांच्या बाजूत १,५०० आकड्यांचा, म्हणजे सुमारे ३४ मिलिसेकंदांचा फरक जमतो. तो भरून काढताना हेडफोनमध्ये मधूनच ‘टक’ येतो. रेकॉर्डवरचा ओरखडा रेकॉर्ड पुन्हा लावली की त्याच जागी वाजतो. हा ‘टक’ जागा बदलतो. त्यावरून ओळखायचं. फाइलमध्ये तो नसतो.

विंडोजमधले खड्डे

सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे ‘स्टिरिओ मिक्स’. हे इनपुट म्हणजे कॉम्प्युटरच्या स्पीकरला जे जातंय ते सगळं. लाइन-इन सापडत नाही म्हणून लोक हे निवडतात, आणि गाणं रेकॉर्डही होतं, म्हणून खूश होतात. पण त्यासोबत व्हॉट्सअ‍ॅप वेबचा टिंग, अँटिव्हायरसची घोषणा, दुसऱ्या टॅबमधली जाहिरात, सगळं त्यात जातं. स्टिरिओ मिक्स निवडून वर प्लेथ्रू चालू केला तर आउटपुट पुन्हा इनपुटमध्ये, ते पुन्हा आउटपुटमध्ये, असं चक्र सुरू होतं आणि प्रतिध्वनी फाइलमध्येच पक्का बसतो. तो नंतर निघत नाही. इनपुट म्हणून लाइन-इन किंवा तुमच्या यूएसबी इंटरफेसचं नावच निवडा.

दुसरा खड्डा ‘एन्हान्समेंट’. लॅपटॉप कंपन्या प्लेबॅकवर बास बूस्ट, सराउंड, आवाज सारखा करणं असे मसाले टाकून ठेवतात. मग हेडफोनमध्ये बास दणदणीत वाटतो आणि फाइलमध्ये तो नसतोच. इनपुटच्या बाजूला नॉइज सप्रेशन असेल तर ते आणखी वाईट. ते माणसाच्या बोलण्यासाठी बनवलंय. तानपुऱ्याचा अखंड सूर त्याला पंख्याचा आवाज वाटतो आणि ते तो पुसायला घेतं. दोन्हीकडचे मसाले बंद करा. रेकॉर्डिंग चालू असताना विंडोजचे नोटिफिकेशन आवाजही बंद.

लेव्हल कानाने ठरवू नका

हेडफोनचा आवाज वाढवला म्हणून रेकॉर्डिंगची लेव्हल वाढत नाही. ही गोष्ट सांगायलाच नको असं वाटतं, पण सांगावी लागते. लेव्हल फक्त मीटरवर बघायची.

डिजिटलमध्ये शून्य डेसिबल हे छत आहे. १६ बिटमध्ये आकडा ३२,७६७ च्या वर जाऊ शकत नाही. त्याच्या वरचा आवाज कापला जातो, लाटेचं डोकं सपाट होतं, आणि ते परत मिळत नाही. म्हणून सगळ्यात मोठ्या आवाजाच्या जागी मीटर वजा ६ च्या आसपास थांबेल असं ठेवा. २४ बिट असेल तर वजा १२ लाही काही बिघडत नाही. विनाइलमध्ये मंद ते मोठ्या आवाजाचा वापरण्याजोगा फरक ६०-७० डेसिबलचा, १६ बिटची क्षमता सुमारे ९६ डेसिबल. जागा भरपूर आहे, उगाच छताला डोकं लावायचं कारण नाही. मधूनच एखादा ओरखडा ‘टक’ करून लाल दिवा लावून गेला तर सोडून द्या, तो तसाही नंतर काढायचाच आहे.

स्वस्तातल्या इंटरफेसवर इनपुटचा नॉबच नसतो. यूसीए २०२ चं तसंच आहे. तिथे ऑडॅसिटीचा स्लायडर खाली ओढून मीटर वजा ६ वर आणता येतो, पण आवाज त्याआधीच, आकड्यांत बदलतानाच कापलेला असतो. मीटर सभ्य दिसतं आणि लाटेची डोकी वजा ६ वरच सपाट झालेली असतात. म्हणून एकदा वेव्हफॉर्म झूम करून बघाच. डोकी इस्त्री केल्यासारखी दिसली तर लेव्हल प्रीअँपवरच कमी करावी लागेल.

मीटर आणखी एक गोष्ट दाखवतं जी कानाला येत नाही. गाण्याआधीच्या रिकाम्या खाचेत मीटर वर-खाली डुलत असेल पण हेडफोन शांत असतील, तर ती २०-३० हर्ट्झच्या खालची घरघर आहे. वाकडी तबकडी, टर्नटेबलचं बेअरिंग, किंवा घराखालची जमीन. धुळे-सोलापूर महामार्गालगतच्या घरात अवजड ट्रक गेला की हे स्पष्ट दिसतं. गाळपाच्या दिवसांत उसाचे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून जातात, तेव्हा तर सुई चक्क दुसरंच गाणं ऐकत असते. टर्नटेबल लाकडी कपाटावर न ठेवता जड फरशीवर ठेवा, खाली रबर किंवा जाड फोम द्या, आणि वेळ रात्रीची निवडा. उरलेली घरघर ऑडॅसिटीच्या हाय-पास फिल्टरने नंतर काढता येते.

याच कारणासाठी रेकॉर्डिंगच्या वेळी मोठे स्पीकर बंद. स्पीकरचा आवाज टेबलातून टर्नटेबलला, तिथून सुईला, सुईतून पुन्हा स्पीकरला. जोरात असेल तर हूं हूं करून शिट्टी बसते. हळू असेल तर शिट्टी येत नाही, पण बास चिखलासारखा होतो आणि तो फाइलमध्ये जातो. हेडफोन हाच मॉनिटरिंगचा सुरक्षित मार्ग.

हम: सुई वर उचलून ऐका

रेकॉर्ड लावण्याआधी सुई वर ठेवून, मोटर चालू करून, हेडफोनचा आवाज थोडा वाढवून ऐका. ‘हूंऽऽऽ’ असा जाड सूर येत असेल तर तो आपल्या विजेचा ५० किंवा १०० हर्ट्झ. मीटर वजा ६० च्या खाली असेल तर चालेल, वजा ४० असेल तर थांबा.

टर्नटेबलमधून बारीक सुट्टी वायर निघते, ती प्रीअँपच्या अर्थ स्क्रूला लावलीय का बघा. लावूनही हम येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आपल्याकडच्या कितीतरी घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेमागे अर्थिंगची वायरच नसते. चार्जरचा आवाज मग ऑडिओच्या वायरीतून वाट शोधतो. चार्जर काढताच हम थांबला तर कारण सापडलं. अर्थिंग वायरमनकडून करून घ्या, पिन तोडून जुगाड करू नका. यासाठी शॉक खायची गरज नाही.

बॅटरीवर चालवण्याचा आणखी एक फायदा गेवराईकरांना वेगळा सांगायला नको. लाइट गेली तर तबकडी मंदावून थांबेल, पण लॅपटॉप चालू राहील आणि तोवरचं रेकॉर्डिंग वाचेल. लाइट आल्यावर आपोआप फिरायला लागेल म्हणून सुई खाचेत तशीच ठेवू नका, उचला.

ब्लूटूथ आणि मोबाइल

रेकॉर्डच्या बाबतीत ब्लूटूथ हेडफोनच्या उशिराने काही बिघडत नाही. बिघडतं ते दुसऱ्याच कारणाने. ब्लूटूथ हेडसेट जोडला की त्याचा माइक विंडोजच्या यादीत येतो आणि कधीकधी तोच डीफॉल्ट होऊन बसतो. मग लाइन-इन राहतं बाजूला आणि पूर्ण एक बाजू तुमच्या श्वासोच्छ्वासाची रेकॉर्ड होते. शिवाय माइक चालू झाला की हेडसेट फोन कॉलच्या मोडमध्ये जातो आणि आवाज टेलिफोनसारखा मोनो होतो. वायरवाले हेडफोन वापरा, शक्यतो इंटरफेसलाच लावा.

कॉम्प्युटरच नसेल तर? अँड्रॉइडला ५.० पासून यूएसबी ऑडिओची सोय आहे. ओटीजी वायरने साधं इंटरफेस बहुतेक फोनना चालतं. टाइप-सी असलेल्या आयफोनलाही, म्हणजे आयफोन १५ पासून पुढे, ते थेट जोडता येतं. अ‍ॅपमध्ये इनपुट यूएसबी निवडलंय याची खात्री करायला इंटरफेसवर बोटाने टकटक करू नका, फोनच्या माइकवर करा. मीटर हललं तर फोन स्वतःचाच माइक ऐकतोय. मोबाइलवर ऐकायला इंटरफेसचं मॉनिटर बटण सगळ्यात सोपं, अ‍ॅपमध्ये सोय असो वा नसो. फोन एअरप्लेन मोडवर टाका. कॉल आला तर बहुतेक अ‍ॅप रेकॉर्डिंग तिथेच थांबवतात.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंग

रेकॉर्ड आणि सुई साफ करा. बाजूतला सगळ्यात जोरकस भाग, बहुधा शेवटचा समूहस्वर, एकदाच वाजवून लेव्हल लावा. रेकॉर्डिंग आधी चालू करा, सुई नंतर टेका, आणि शेवटी सुई उचलल्यावर चार-पाच सेकंदांनी थांबवा. सुरुवातीच्या रिकाम्या खाचेचा आवाज जपून ठेवा, नंतर खरखर कमी करताना नमुना म्हणून तोच लागतो. ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिट स्टिरिओला मिनिटाला साधारण १०.६ एमबी लागतात, ९६ किलोहर्ट्झ २४ बिटला सुमारे ३४.६ एमबी. २५ मिनिटांची बाजू म्हणजे पहिल्यात २६५ एमबी, दुसऱ्यात ८६४ एमबी. काम करताना ऑडॅसिटी याहून जास्त जागा घेतं, म्हणून डिस्कवर काही जीबी मोकळे हवेत. मूळ प्रत डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅकमध्ये ठेवा, एमपीथ्री नंतर करता येते.

७८ आरपीएमच्या जुन्या लाखेच्या तबकड्या असतील तर एलपीची सुई त्यांना लावू नका. त्यांची खाच रुंद असते, सुई सुमारे ७६ मायक्रॉनची लागते, एलपीची असते १८ च्या आसपास. बारीक सुई खाचेच्या तळाशी घसटत जाते, आणि हेडफोनमध्ये गाण्यापेक्षा खरखरच जास्त येते. आरआयएए वक्रही त्यांतल्या बहुतेकांना नीट लागू पडत नाही, तो नंतर सॉफ्टवेअरमध्ये सुधारावा लागतो.

बाजू संपली की रेकॉर्ड पाकिटात घालायच्या आधी फाइल वाजवून बघा. पूर्ण ऐकायला वेळ नसेल तर सुरुवात, मध्य आणि शेवट प्रत्येकी अर्धा मिनिट, आणि सगळी लाट एकदा डोळ्याखालून घाला. मधे तुटल्यासारखी सरळ रेघ दिसतेय का? डावा चॅनेल उजव्याएवढाच आहे का? ऑडॅसिटीला रेकॉर्डिंग करताना आवाज गमावल्याचं कळलं तर ते त्या जागी लेबल लावून सांगतं. तो मेसेज वाचायच्या आधी ‘ओके’ दाबू नका. टेप मशीनचा तिसरा हेड आपल्याकडे नाही, त्याचं काम या दोन मिनिटांत करून घ्यायचं असतं.

फाइलच्या नावात लेबलवरचा रेकॉर्ड नंबर, बाजू आणि आरपीएम टाका, आणि मोबाइलने लेबलचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. यूट्यूबवर टाकायचा विचार असेल तर एवढं लक्षात असू द्या: भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं चालतो, आणि कवी-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, वेगळा. घरच्यांना ऐकवायला पेन ड्राइव्ह पुरतो.